सांगलीत राहायला येताय? भाडे विचारण्याआधी घराचा आकडा विचारा

नोकरीची बदली, मुलांचे शिक्षण, मिरजेतले दीर्घ उपचार किंवा मार्केट यार्डातला व्यापार यांपैकी कोणत्याही कारणाने माणूस सांगलीत राहायला आला, की पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात: भाडे किती आणि ऑफिस किती लांब. हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण सांगलीपुरते ते दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाचे आहेत. कृष्णेच्या काठावर वसलेल्या या शहरात वस्ती निवडताना आधी जमिनीची उंची पाहावी लागते, आणि ती उंची येथे मीटरमध्ये नव्हे, तर आयर्विन पुलाच्या फुटांत मोजली जाते. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे: आधी पाणी, मग कागद, मग अंतर आणि सोयी.

पहिली पायरी: आयर्विनचे फूट समजून घ्या

१९२९ साली बांधून झालेल्या आयर्विन पुलापाशी नदीची पाणीपातळी मोजली जाते. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. पावसाळ्यात जुलैच्या मध्यानंतर शहरात कुठेही गेलात, तरी चहाच्या टपरीपासून बँकेच्या काउंटरपर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो, “आयर्विनला किती?” नवख्या माणसाला हे हवापाण्याच्या गप्पांसारखे वाटते, परंतु नदीकाठच्या भागात राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला आपल्या उंबऱ्याला पाणी कोणत्या फुटाला लागते हे पाठ असते. “आमच्याकडं त्रेचाळीसला गल्लीत येतं, सेहेचाळीसला घरात” असे उत्तर मिळते, तेव्हा समोरच्या माणसाने तुम्हाला नकाशापेक्षा अचूक माहिती दिलेली असते. हाच घराचा आकडा, आणि जागा पसंत करण्याआधी तो मिळवणे हे तुमचे पहिले काम आहे.

या आकड्याची तुलना कशाशी करायची, तर गेल्या तीन मोठ्या महापुरांशी. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या पुढे आणि २०२१ च्या जुलैमध्ये ५४ फुटांच्या पुढे. म्हणजे ज्या घराचा आकडा ४२ आहे, तेथे राहणाऱ्याने दर एक-दोन पावसाळ्यांत सामान वर चढवण्याची तयारी ठेवावी, ज्याचा ५० आहे त्याने महापुराची तयारी ठेवावी, आणि ज्या घराला २०१९ मध्येही पाणी लागले नाही, त्याला निदान आजवरच्या अनुभवानुसार सुरक्षित म्हणायला हरकत नाही.

पाणी येते कसे, हेही थोडे जाणून घेतलेले बरे. कृष्णा शहराच्या पश्चिमेकडून येते, दक्षिणेला हरिपूरजवळ तिला वारणा मिळते, आणि पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. सातारा जिल्ह्यात पाऊस लागला आणि कोयना धरणातून विसर्ग सुरू झाला, की त्याचे पाणी सांगलीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे येथे पूर सहसा रात्रीत अंगावर येत नाही, चढत चढत येतो. मात्र त्याच वेळी चांदोली धरणाकडून वारणा फुगलेली असेल, तर हरिपूरच्या संगमावर कृष्णेचे पाणी पुढे सरकत नाही आणि ते शहरात पसरते. खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे पूर वाढतो की नाही, यावर सांगलीत कोणत्याही पारावर तासभर वाद ऐकायला मिळेल. भाड्याची जागा शोधणाऱ्याने त्यात पडू नये, कारण वादाचा निकाल काहीही लागला तरी उंबऱ्याचा आकडा बदलत नाही.

दुसरी पायरी: शहराचा उतार पाहा

सांगलीची जमीन एका बाजूने किंचित उचललेल्या परातीसारखी आहे: पश्चिमेचा नदीकडचा काठ खाली, आणि पूर्वेला विश्रामबाग, कुपवाड, मिरजेकडे जाताना हळूहळू वर. हा चढ चालताना जाणवत नाही, पण पाण्याला तो बरोबर कळतो.

नदीला लागून असलेल्या सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रस्ता या भागांत इशारा पातळीच्या आसपासच पाणी शिरू लागते. महापालिकेचे कर्मचारी दर पावसाळ्यात स्थलांतराच्या सूचना देत फिरतात, ते आधी याच गल्ल्यांतून. गावभाग आणि जुन्या पेठांचा भाग याहून वर असला तरी महापुराच्या टप्प्यात येतो, आणि २०१९ मध्ये मारुती चौक, टिळक चौक, हरभट रोड, गणपती पेठ हा सगळा बाजार पाण्याखाली होता. पलीकडच्या तीरावरची सांगलीवाडी महापालिकेच्या हद्दीत असूनही मोठ्या पुरात शहरापासून तुटते, त्यामुळे तेथे राहून शहरात रोज कामाला येणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

गावभागाबद्दल मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पाण्याचा धोका असूनही तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे सहजासहजी हलत नाहीत, आणि त्यांचे चुकते असेही नाही. गणपतीचे देऊळ, भाजी मंडई, दवाखाने, शाळा, सराफ कट्टा हे सारे चालत जाण्याच्या अंतरावर आहे, शेजार जुना आहे, आणि पुराच्या वेळी कोणी काय उचलायचे याची प्रत्येक वाड्यात घडी बसलेली असते. एकट्या ज्येष्ठ व्यक्तीला विश्रामबागेतल्या बंद दाराच्या फ्लॅटपेक्षा गावभागातला, आकडा चांगला असलेला वरचा मजला जास्त मानवेल असे माझे मत आहे. फक्त हा निर्णय डोळे उघडे ठेवून घ्यावा.

शामरावनगरचा प्रकार निराळा आहे. तेथे नदीचा पूर हा एक प्रश्न आहेच, पण साध्या पावसाचे साचणारे पाणी हा त्याहून रोजचा प्रश्न आहे. जमीन काळी, चिकण आणि सखल असल्यामुळे पाणी मुरत नाही आणि लवकर वाहूनही जात नाही. परिणामी नदी ३० फुटांवर असतानाही एखाद्या मोकळ्या प्लॉटचे तळे झालेले दिसते. आयर्विनचा आकडा विचारून तुम्हाला हे कळणार नाही, ते पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी गल्लीत जाऊनच पाहावे लागते. शहराच्या इतर भागांतही नाल्याकाठची घरे याच चाळणीतून पाहावीत, कारण नदी चढली की नाल्याचे पाणी नदीत न जाता उलटे फिरते आणि नदीपासून लांब असलेल्या घराच्या मागच्या अंगणात निघते. शेरी नाल्याच्या आजूबाजूला जागा पाहत असाल, तर पुराबरोबर वासाचाही विचार करा.

विश्रामबाग, वारणाली, विजयनगर, वान्लेसवाडी हा सांगली-मिरज रस्त्याच्या आजूबाजूचा पट्टा उंचावर आहे, आणि गेल्या काही वर्षांत शहराची वाढ याच दिशेने झाली आहे. विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून याच बाजूला आहेत, आणि नवे जिल्हाधिकारी कार्यालयही विजयनगरला गेले आहे. साहजिकच येथे भाडे चढे आहे. दर महापुरानंतर नदीकाठचे काही लोक या बाजूला जागा शोधू लागतात, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घासाघीस करायला फारसा वाव मिळत नाही.

तिसरी पायरी: घराच्या भिंतीच वाचा

मालक आणि एजंट दोघेही “इथं पाणी येत नाही हो” असे म्हणतील. ते खोटेच बोलतात असे नव्हे, परंतु रस्त्यावर येणारे, पार्किंगमध्ये येणारे आणि घरात येणारे पाणी यांत ते सोयीने फरक करतात. तुम्ही गेल्यावर पुढील खुणा शांतपणे पाहाव्यात.

तळमजल्यावर विजेची बटणे आणि प्लगचे बोर्ड गुडघ्याच्या उंचीवर न ठेवता खांद्याच्या उंचीला बसवलेले दिसले, तर मालकाने पाणी पाहिलेले आहे असे समजावे. वीजमीटर जिन्यावर पहिल्या मजल्याच्या वळणावर हलवलेला असणे आणि पाण्याची मोटर खाली हौदाजवळ नसून उंच कट्ट्यावर असणे, या त्याच जातीच्या खुणा होत. भिंतीवर एका ठरावीक उंचीपर्यंत रंगाचे पोपडे निघालेले किंवा लोणा लागलेला असेल आणि त्या रेषेच्या वर भिंत कोरडी ठणठणीत असेल, तर ती ओल छतातून झिरपणारी नाही. नुकताच रंग दिलेला असेल तर मोठ्या कपाटामागे, जिन्याखाली आणि संडासाच्या दाराच्या लाकडी चौकटीच्या तळाशी पाहा, तेथे रंगारी सहसा हात आखडता घेतो. चौकटीचा खालचा हात-दीड हात भाग फुगून काळा पडला असेल, तर पुढे काही विचारायची गरज उरत नाही. अनेक ठिकाणी दुकानदारांनी आणि सोसायट्यांनी २००५ आणि २०१९ च्या पाण्याची रेघ भिंतीवर रंगवून ठेवली आहे, ती शोधून त्या रेघेशेजारी स्वतः उभे राहून पाहावे.

यानंतर शेजारी विचारावे, पण “पाणी येते का?” असे विचारू नये. त्याला “कधीतरी येतं” एवढेच उत्तर मिळते. “काकू, २०१९ ला तुम्ही इथंच होता का? सामान कुठं हलवलं होतं? किती दिवसांनी घरी परत आला?” असे विचारले, की माणसे आपणहून बोलू लागतात आणि गल्लीतले पहिले पाणी कोणत्या बाजूने आले इथपर्यंत सांगतात. किराणा दुकानदाराला विचारल्यास अधिक चांगले, कारण त्याचा माल खालच्या फळीवर असतो आणि त्याला फुटांचा हिशेब चुकवून चालत नाही.

वरचा मजला घेतला म्हणजे पुराचा प्रश्न मिटला, असा एक गोड समज आहे. घरात पाणी येणार नाही हे खरे, पण खाली पुरुषभर पाणी असताना वीज बंद असते, मोटर चालत नाही, लिफ्ट चालत नाही, नळाला पाणी येत नाही, आणि दूध-औषधे आणायला बोटीची वाट पाहावी लागते. घरात तान्हे मूल, डायलिसिसचा रुग्ण किंवा अंथरुणाला खिळलेली व्यक्ती असेल, तर तिसऱ्या मजल्यापेक्षा उंचावरच्या वस्तीतला तळमजला बरा. दुचाकी आणि मोटार कुठे नेऊन लावणार हेही आधीच ठरवून ठेवावे, आणि वाहनाचा विमा केवळ तृतीय पक्षाचा न ठेवता सर्वसमावेशक घ्यावा.

चौथी पायरी: विकत घेत असाल तर कागद

भाड्याने राहणाऱ्याने ही पायरी वगळली तरी चालेल. विकत घेणाऱ्याने मात्र दोन गोष्टींत कुचराई करू नये.

एक म्हणजे पूररेषा. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती निळी रेषा, आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध क्षेत्र असतो आणि तेथे नव्या बांधकामाला परवानगी मिळत नाही. निळ्या आणि लाल रेषेमधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते, आणि त्यांतली मुख्य अट जोते लाल पूररेषेच्या पातळीहून वर असावे ही असते. महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन आपल्या गट क्रमांकाचा किंवा सिटी सर्व्हे क्रमांकाचा भाग नकाशा आणि झोन दाखला काढावा. बिल्डरच्या रंगीत माहितीपत्रकावर नदीचे दृश्य छापलेले असते, पूररेषा छापलेली नसते.

दुसरी गोष्ट गुंठेवारी. सांगली, मिरज आणि कुपवाड परिसरात शेतजमिनीचे बिनशेती न करता, रीतसर ले-आउट मंजूर न करता पाडलेले आणि गुंठ्यागुंठ्याने विकलेले प्लॉट फार मोठ्या प्रमाणावर आहेत. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सामान्य माणसाच्या आवाक्यातला तुकडा, आणि म्हणूनच हा व्यवहार फोफावला. राज्य सरकारने २००१ मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा केला, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित होण्याची संधी दिली. त्यामुळे “गुंठेवारी आहे” एवढे ऐकून घाबरण्याचे कारण नाही, परंतु “गुंठेवारी झाली आहे” (म्हणजे प्लॉट नियमित झाला आहे) आणि “गुंठेवारी होईल” या दोन वाक्यांत काही लाखांचा फरक असतो. नियमितीकरणाचे प्रमाणपत्र प्रत्यक्ष हातात घेऊन पाहावे, सातबाऱ्यावरील इतर हक्काचा रकाना वाचावा, आणि केवळ नोटरी केलेल्या कागदावर पैसे देऊ नयेत. अशा वस्त्यांत रस्ता, गटार आणि पाण्याची जोडणी उशिरा पोहोचते, हेही हिशेबात धरावे. काळ्या जमिनीवरचे घर असेल, तर पाया किती खोल नेला आहे हे बांधणाऱ्याला विचारावे आणि भिंतींतल्या तिरक्या भेगा उन्हाळ्यात जाऊन पाहाव्यात, कारण काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते आणि घराला दोन्ही वेळा हलवते.

पाचवी पायरी: तुमचा दिवस कुठे जातो

पाण्याची चाळण लावून झाली, की उरलेल्या वस्त्यांतून निवड करणे सोपे होते. सांगली आणि मिरज ही दोन गावे १९९८ पासून कुपवाडसह एकाच महापालिकेत असली, तरी त्यांचे स्वभाव एक झालेले नाहीत. मिरज हे रेल्वेचे जंक्शन आहे. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर अशा चारही दिशांना तेथून गाड्या जातात, त्यामुळे ज्याला दर आठवड्याला गावी जायचे असते त्याने मिरज स्टेशनच्या आसपास पाहावे. डॉ. वान्लेस यांनी १८९० च्या दशकात सुरू केलेल्या रुग्णालयापासून मिरजेला वैद्यकीय गावाची ओळख मिळाली आणि १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. आज परिचारिका, निवासी डॉक्टर आणि रुग्णांचे नातेवाईक यांना परवडतील अशा खोल्या मिरजेत सहज मिळतात. मिरजेत पुराचा प्रश्न मुख्यतः कृष्णाघाट भागापुरता आहे.

हळद आणि बेदाण्याच्या व्यापारात असणाऱ्यांचा दिवस वसंतदादा मार्केट यार्डात जातो, आणि सौदे सकाळी असल्यामुळे त्यांनी यार्डापासून फार लांब राहू नये. कारखान्यात पाळीने काम करणाऱ्याला कुपवाड सोयीचे, पण औद्योगिक वसाहतीच्या अगदी कडेला अवजड वाहनांचा राबता रात्रभर असतो. माधवनगर आणि बुधगाव महापालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. तेथे ग्रामपंचायतीचा कारभार असतो, कर कमी असतो, आणि पाणी व कचऱ्याची व्यवस्था ग्रामपंचायत जशी असेल तशी असते. हरिपूर हे संगमेश्वराच्या देवळाचे, झाडीचे आणि एकेकाळी हळदीच्या पेवांसाठी, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांसाठी, नावाजलेले सुंदर गाव आहे. नदीकाठी राहण्याची हौस असणाऱ्यांचा जीव तेथे अडकतो, पण दोन नद्यांच्या संगमावर असल्याने तेथे घराचा आकडा दुप्पट काळजीने विचारावा.

सांगली-मिरज अंतर अवघे आठ-दहा किलोमीटर, एस.टी.च्या शहरी बसगाड्या आणि वडाप रिक्षा दिवसभर चालू असतात. म्हणून “मिरजेत काम आहे तर विश्रामबागेत कसे राहू” असा विचार करण्याचे कारण नाही. सकाळी नऊ ते साडेदहा या वेळेत मात्र त्या रस्त्यावर प्रत्यक्ष एकदा जाऊन पाहावे.

नळाला पाणी दिवसातून किती वेळ येते, कोणत्या वेळी येते आणि वरच्या मजल्यावर मोटरशिवाय चढते का, हे तीन प्रश्न प्रत्येक वस्तीत विचारावेत. बोअर असेल तर त्याचे पाणी चाखून पाहावे, कारण अनेक ठिकाणी ते खारट लागते आणि भांड्यांवर पांढरे डाग धरते.

सहावी पायरी: करार

महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार बंधनकारक आहे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी शुल्क महापालिका क्षेत्रात १००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे, मुद्रांक शुल्क वेगळे. करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणीतून सुटका नाही, हे मालकाला नम्रपणे सांगावे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिल्याची पोच आपल्याकडेही एक प्रत म्हणून ठेवावी.

छापील मसुद्यात पुराबद्दल एक शब्दही नसतो, म्हणून तो आपण घालून घ्यावा. पाणी घरात शिरल्यामुळे जितके दिवस राहता येणार नाही तितक्या दिवसांचे भाडे द्यायचे की नाही, गाळ काढण्याचा आणि रंगाचा खर्च कोणी करायचा, पुराने खराब झालेल्या दारांचे पैसे अनामत रकमेतून कापता येणार नाहीत, आणि पुराच्या काळात मालकाच्या वरच्या मजल्यावर किंवा गच्चीवर सामान ठेवण्याची मुभा असेल, या चार ओळी करारात आल्या पाहिजेत. शेवटची ओळ मालक सहसा लगेच मान्य करतो. पहिल्या ओळीवर थोडी ताणाताणी होते, आणि ती सही करण्याआधी झालेली चांगली. घराचा ताबा घेताना भिंती, बोर्ड आणि चौकटी यांचे तारखेसह फोटो काढून ते मालकालाही पाठवून ठेवावेत.

जागा शक्य असेल तर पावसाळ्यातच, जुलै-ऑगस्टमध्ये पाहून ठरवावी. बदलीचा आदेश मे महिन्यात हातात पडला आणि थांबणे शक्य नसेल, तर सुरुवातीला उंचावरच्या वस्तीत अकरा महिन्यांसाठी एखादे लहान घर घ्यावे, एक पावसाळा शहरात काढावा, आणि ऑक्टोबरनंतर कायमच्या जागेचा शोध सुरू करावा.